नोटा मोजणें आणि नोटा पाहणें

गेल्या अंकीं ह्या सदरांत आम्हीं घरखर्चाच्या वहीविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीनें पत्रानें असें विचारिलें आहे कीं, वहींतील शिल्लक आणि पेटींतील रोकड ह्यांचा मेळ तर बसतो, परंतु पेटींतील एक नोटच खोटी निघाली तर ती कोणत्या खातीं टाकावी? प्रश्न विनोदाच्या भाषेंत विचारलेला आहे. पण त्याच्या पोटीं पांचशें रुपयांचें खरें दुःख आहे, हें कोणाच्याही लक्षांत येईल. म्हणून ह्या खेपेचें सदर त्याच विषयास देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खोट्या नाण्याची पीडा आजची नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष नेमावयास सांगितलें, आणि त्याच्या जोडीस नाणें पारखणारा रूपदर्शक हा स्वतंत्र अधिकारी सांगितला. रूपदर्शकानें शुद्ध ठरविलेलेंच द्रव्य कोशांत घ्यावें आणि अशुद्ध असेल तें तोडून टाकावें, अशी त्याची आज्ञा आहे. ह्यांतील दुसरा भाग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे. मराठेशाहींत खजिन्यांतील नाणीं पारखण्याचें काम पोतदार करीत. आज तें आडनांव होऊन बसलें आहे. आमच्या आजोबांच्या वेळीं चांदीचा रुपया दगडावर वाजवून मगच कनवटीस लावीत. 'वाजवून घेणें' हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यांत अजून राहिला आहे, रुपया मात्र वाजेनासा झाला. कागद आला तशा त्याच्या पाठोपाठ नकलाही आल्या. १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थान सरकारनें नोटा काढावयास आरंभ केला; राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या त्या पहिल्या नोटांच्या इतक्या नकला झाल्या कीं, त्या मागें घेऊन १८६७ पासून दुसऱ्या धर्तीच्या नोटा काढणें भाग पडलें. तेव्हां नोटा विलायतेहून छापून येत. १९२८ सालीं नाशिकास नोटांची छपाई सुरू झाली, आणि नाशिकरोडचा तो छापखाना आजही चालू आहे.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाप्रमाणें २०२४-२५ ह्या वर्षांत देशांतील बँकांत सुमारें २ लाख १७ हजार खोट्या नोटा पकडल्या गेल्या. त्यांपैकीं १ लाख १७ हजारांहून अधिक एकट्या पांचशेंच्या होत्या, आणि दोनशेंच्या ३२ हजारांवर. हा हिशेब केवळ पकडल्या गेलेल्यांचा. चलनांतील एकंदर नोटांच्या मानानें ही संख्या अल्पच आहे, तेव्हां हबकून जाण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या घरांत ती एक नोट येते त्या घरास त्रैराशिक सांगून समाधान व्हावें कसें?

आमचें निरीक्षण असें आहे कीं, शिकल्यासवरल्या घरांत नोटा मोजतात, पाहत नाहींत. मोजणें आणि पाहणें ह्या दोन अगदीं निराळ्या क्रिया होत. मोजतांना अंगठा नोटेच्या कडेवरून धांवतो आणि चित्त आंकड्यावर असतें. नोटेचें तोंड कोणीच पाहत नाहीं. उलट मंडईंतली भाजीवाली, जिला आपण अडाणी समजतों, ती पांचशेंची नोट हातीं येतांच दोन्ही हातांनीं ताणते, उजेडाकडे धरते, आणि मगच कमरेच्या पिशवींत टाकते. आपल्यापैकीं कित्येकांस हा आपला अपमान वाटतो. तो वाटूं नये. एका खोट्या नोटेंत तिची दिवसभराची मिळकत जाऊं शकते, म्हणून ती पाहते. आपण पाहत नाहीं, कारण आपल्याला भीड पडते. समोरच्यावर अविश्वास दाखविल्यासारखें होईल, ही भीड खोटी नोट चालविणाऱ्याच्या पथ्यावर पडते. दुसरा त्याचा सोबती म्हणजे तिन्हीसांजेची घाई. जुनें कपाट, शिवणयंत्र, दुचाकी अशी वस्तु विकली, घेणारा टेंपो दारांत उभा करून आला, दिवेलागण झालेली, आणि एकदम आठदहा हजार रोख हातावर पडले, ही वेळ सर्वांत वाईट. पुडक्याच्या वरखालीं चांगल्या नोटा आणि मध्यें दोन वाईट, ही युक्ति जुनीच आहे. लग्नामुंजींतील आहेराचीं पाकिटें रात्रीं दमल्या डोळ्यांनीं फोडतात, तेथेंही तेंच.

आतां पाहावयाचें म्हणजे काय, तें पांचशेंच्या नोटेवरून सांगतों, कारण नकला अधिक तिच्याच होतात. ही नोट ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर निघालेली. रंग दगडी करडा, लांबी १५० व रुंदी ६६ मिलिमीटर, पाठीवर दिल्लीचा लाल किल्ला. बहुतेक लोक प्रथम ती उजेडाकडे धरतात. आमच्या मतें प्रथम बोटांनीं पाहावी. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. वहीच्या कागदासारखा तो लाकडाच्या लगद्याचा नसतो. म्हणून नोट बोटांत चुरगळली असतां जो करकरीतपणा लागतो तो छापील चिठ्ठीस लागत नाहीं. शिवाय गांधीजींचें चित्र, उजवीकडील अशोकस्तंभ, आणि दोन्ही कडांवरील पांच पांच तिरप्या रेषा ह्या उठावाच्या छपाईनें छापलेल्या असतात. त्यांवरून नख अलगद फिरविलें कीं तें अडतें. उजव्या बाजूस एक वर्तुळाकार खूणही तशीच उठावाची असते. खोटी नोट बहुधा सर्वत्र सारखी गुळगुळीत लागते. नोट जुनी झाली म्हणजे उठाव झिजतो हें खरें, तरी कडेच्या रेषा बरेच दिवस टिकतात.

मग नोट तिरपी करावी. खालीं उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह पांचशेंचा आंकडा आहे, तो समोरून हिरवा दिसतो आणि तिरपा केला कीं निळा होतो. मधून उभा गेलेला जो चकचकीत धागा, ज्यावर 'भारत' हीं अक्षरें आहेत, त्याचाही रंग तसाच हिरव्याचा निळा होतो. खोटी नोट करणारास चित्र साधतें, अक्षर साधतें, पण हा पालट सहसा साधत नाहीं. त्याच्या नोटेवरील हिरवा धागा कसाही फिरवा, हिरवाच राहतो. आमच्याकडे वेळ एका श्वासाचाच असेल तर आम्ही हीच परीक्षा घेतों.

उजेडाची परीक्षा शेवटीं. मोकळ्या पांढऱ्या जागेंत गांधीजींचें जलचिन्ह आणि त्याच्या शेजारीं पांचशेंचा आंकडा दिसतो. जलचिन्ह हें शाईनें काढलेलें नसतें. कागद तयार होतांनाच तो कोठें जाड, कोठें पातळ ठेविलेला असतो, म्हणून त्यांत छायाप्रकाश हळूहळू मिसळत जातात. खोट्या नोटेंत तेथें फिक्या शाईचें किंवा मेणचट पदार्थाचें चित्र काढतात. तें एकतर उजेडाशिवायही दिसतें, किंवा त्याच्या कडा बाहुलीसारख्या कापलेल्या दिसतात. धागा वरून तुटक तुटक दिसत असला तरी उजेडांत तो वरपासून खालपर्यंत अखंड दिसला पाहिजे. डावीकडे एक अपुरा आंकडा छापलेला असतो, त्याचा अर्धा भाग पुढें आणि अर्धा पाठीमागें; उजेडांत दोन्ही अर्धे बिनचूक जुळून पांचशें होतात.

क्रमांक वाचावयाचाही कंटाळा करूं नये. खऱ्या नोटेंत क्रमांकाचे आंकडे डावीकडून उजवीकडे मोठे मोठे होत जातात. आणि अक्षरें वाचावीं. एप्रिल २०२५ मध्यें केंद्रीय गृहखात्यानें बँकांस अशा पांचशेंच्या नोटांविषयीं सावध केलें कीं, ज्या अन्यथा फार हुबेहूब होत्या, परंतु 'रिझर्व्ह' ह्या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगांत एका 'ई'च्या जागीं 'ए' पडला होता. जन्मभर मुलांच्या वह्यांतील स्पेलिंगें तांबड्या शाईनें सुधारण्यांत आमचा काळ गेला; त्याचा असाही उपयोग होईल असें कधीं वाटलें नव्हतें! त्याहून ढोबळ उदाहरण दिल्लीचें. फेब्रुवारी २०१७ मध्यें तेथील एका एटीएम यंत्रांतून दोन हजारांच्या अशा नोटा बाहेर आल्या कीं, ज्यांवर रिझर्व्ह बँकेच्या जागीं 'चिल्ड्रन बँक' असें छापलेलें होतें. दुकानांत मुलांना खेळावयास ज्या नोटा मिळतात त्याच त्या. अशा नोटा घरांत खेळण्यांत असतील तर वडीलधाऱ्यांच्या पाकिटाजवळ येऊं देऊं नयेत.

जांभळ्या प्रकाशाचा जो लहान दिवा पुष्कळ दुकानदार गल्ल्यावर ठेवितात, त्याचें मर्म इतकेंच कीं, साधा पांढरा कागद त्या प्रकाशांत निळसर पांढरा उजळतो, नोटेचा कागद मात्र निस्तेज राहतो आणि त्यांतले कांहीं बारीक तंतू व क्रमांक तेवढे चमकतात. परंतु सदऱ्याच्या खिशांतून धुण्यांत गेलेली खरी नोटही साबणाच्या पुडींतील द्रव्यामुळें उजळूं शकते. तेवढ्यावरून तिला खोटी म्हणूं नये.

खरीला खोटी म्हणणें हाही एक उपद्रवच आहे, आणि मोबाईलवरून फिरणाऱ्या निनांवी सूचनांनीं तो वाढविला आहे. क्रमांकाच्या मध्यें तारेची खूण असलेली नोट खोटी, ही एक आवई. छपाईंत खराब झालेल्या नोटेच्या बदलीं जी नोट पुडक्यांत घालतात तिच्यावर ती तारा असते. ती पूर्णपणें खरी, असा खुलासा रिझर्व्ह बँकेनें जुलै २०२३ मध्यें केला. हिरवा धागा गव्हर्नरच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट खोटी, ही दुसरी; तिलाही आधार नाहीं. दहा रुपयांच्या नाण्याचें तर विचारूंच नका. निरनिराळ्या १४ छापांचीं तीं सर्व नाणीं चालू आहेत, असें जानेवारी २०१८ मध्यें जाहीर झालें, तरी त्यापुढेंही कितीतरी दुकानांत तें नाणें परत करीत.

आतां एक हकीकत सांगतों. आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तीन भाऊ, आई आणि एक चुलते, चूल एक, पेटी थोरल्या सुनेच्या हातीं. दोन वर्षांमागें त्यांनीं एक सागवानी कपाट सहा हजारांस विकलें. घेणारा सायंकाळीं आला. धाकट्या भावानें बारा नोटा दोन वेळां मोजल्या, बरोबर भरल्या, आणि वहिनींच्या स्वाधीन केल्या. दुसरे दिवशीं सकाळीं वहिनींनीं त्यांतल्या चार नोटा धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंस पगाराच्या म्हणून दिल्या. दुपारीं बाई रडत परत आल्या. वाण्यानें एक नोट खोटी म्हणून परत केली होती, आणि चार गिऱ्हाइकांदेखत नाहीं नाहीं तें बोलला होता.

धाकटे भाऊ बोलून गेले, "वहिनी, नोटा मी स्वतः दोनदां मोजल्या आहेत. वाटेंत कोठें बदलली गेली असेल." कोणी बदलली हें ते बोलले नाहींत, पण बाईंना तें समजलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "बारा वर्षं झाली, दादा. एक चमचा तरी इकडचा तिकडं झालाय का?"

घरांत कोणास कांहीं सुचेना. तेव्हां सर्वांत धाकटी सून, जी नुकतीच त्या घरीं आली होती, तिनें पेटींतल्या उरलेल्या आठ नोटा मागून घेतल्या, माजघरांतील पाटावर ओळीनें मांडल्या आणि क्रमांक वाचूं लागली. आठांपैकीं दोन नोटांचा क्रमांक अक्षरशः तोच होता, जो बाईंच्या हातांतील नोटेचा. एकाच छापाच्या दोन खऱ्या नोटांस एकच क्रमांक कधींही नसतो. खोट्या करणारा मात्र एका नोटेवरून शेंकडों उतरवितो आणि क्रमांक बदलण्याचे श्रम घेत नाहीं. तिन्ही नोटा एकाच हातच्या होत्या आणि कपाटाच्या पैशांतून आल्या होत्या, हें तेथेंच सिद्ध झालें. धाकट्या भावानें मान खालीं घातली.

पुढें प्रश्न निघाला कीं, ह्या पंधराशें रुपयांचें करावयाचें काय. चुलते म्हणाले, "रात्रीं पेट्रोलपंपावर एकेक करून खपवावी, तेथें कोण पाहतो?" आणखी कोणी देवळाच्या पेटीचा मार्ग सुचविला, जणूं देवास नोट उजेडाकडे धरतां येत नाहीं! वहिनी म्हणाल्या, "काका, आज दुपारीं बाईंना जें ऐकून घ्यावें लागलें, तेंच उद्यां पंपावरच्या मुलाला ऐकवायचें का? त्याच्या तर पगारांतूनच कापून घेतील." ह्यावर चुलत्यांपाशीं उत्तर नव्हतें. बाईंना दुसरी नोट मिळाली. आणि आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे, धाकटे भाऊ त्यांच्याबरोबर वाण्याच्या दुकानीं गेले आणि गिऱ्हाइकें असतांनाच सांगितलें कीं, ती नोट आमच्या घरची होती. पंधराशें रुपये त्यांना मोजतां आले. हें मोजतां येणारें नव्हे.

तिन्ही नोटा बँकेंत दिल्या. तेथें काय होतें, तें सर्वांनीं जाणून असावें, म्हणजे खिडकीपाशीं वाद होत नाहीं. बँकेस नोट खोटी आढळली कीं तिच्यावर तसा शिक्का मारून ती ठेवून घेणें हें तिचें कर्तव्य आहे; ती परत देण्याचा तिला अधिकार नाहीं आणि तिचे पैसेही मिळत नाहींत. अशुद्ध असेल तें तोडावें, ही कौटिल्याची आज्ञा आज शिक्क्याच्या रूपानें चालू आहे. मात्र नोट ठेवून घेतल्याची पावती मिळण्याचा आपला हक्क आहे; ती अवश्य मागावी. एका वेळीं चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर बँक त्यांची एकत्र माहिती महिनाअखेर पोलिसांस कळविते. पांच किंवा अधिक आल्या तर तत्काळ फिर्याद नोंदविली जाते. कित्येक भले लोक ह्या भीतीनें बँकेकडे फिरकत नाहींत. परंतु कायद्याचा सारा भर जाणून करण्यावर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७९ व्या कलमान्वयें, खोटी आहे हें ठाऊक असून नोट खरी म्हणून चालविणारास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊं शकते. १८० वें कलम जाणूनबुजून जवळ बाळगण्याविषयीं आहे, आणि नोट न्याय्य मार्गानें आपल्याकडे आली असें सिद्ध करणारास त्यांत दोष नाहीं, असें त्यांतच स्पष्ट केलें आहे. म्हणजे बँकेंत नेणारा निर्धास्त आहे. पेट्रोलपंपावर नेणारा नाहीं.

नोट घेतांनाच संशय आला तर गोष्ट फार सोपी. "एवढी बदलून द्या" असें हंसतमुखानें म्हणावें, 'खोटी' हा शब्द उच्चारूं नये. देणारा बहुधा आपल्यासारखाच फसलेला असतो. नोट एकदां खिशांत गेली आणि उंबरा ओलांडला, कीं ती कोणाकडून आली हें सांगणें आपल्याच हातीं राहत नाहीं. एटीएममधून संशयास्पद नोट निघाली तर तेथून न हलतां ती दोन्ही बाजूंनीं कॅमेऱ्यासमोर धरावी, पावती जपून ठेवावी, रखवालदार असेल तर त्यास दाखवावी आणि लगेच बँकेस कळवावें. मोठी रक्कम असेल तर, आमच्यासारख्या जुन्या माणसांसही आतां वाटूं लागलें आहे कीं, ती खात्यावरच घ्यावी.

पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. नोट बँकेंत द्यावी, पावतीचा क्रमांक वहींत लिहावा आणि रक्कम 'बुडीत' ह्या खातीं टाकावी. घरखर्चाच्या वहींत असें एक खातें असावें. तें बहुधा रिकामें राहतें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती अधू दृष्टीच्या मंडळींची. रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२० मध्यें 'मणि' नांवाची एक मोबाईलची सोय काढली. ती समोर धरलेली नोट किती रुपयांची तें बोलून सांगते, परंतु खरी कीं खोटी हें सांगत नाहीं. त्यापेक्षां बोटें बरीं. पांचशेंच्या नोटेस कडेला पांच रेषा आणि वर्तुळ. दोनशेंच्या नोटेस चार रेषा, त्यांच्या मध्यें दोन लहान गोल, आणि इंग्रजी 'एच्'च्या आकाराची खूण. नव्या शंभराच्या नोटेस चार रेषा आणि त्रिकोण. आम्हीं एका रविवारीं दुपारीं घरांतल्या सर्वांचे डोळे बांधून ह्या तीन नोटा एकामागून एक हातीं दिल्या. आमचा पदवीधर पुतण्या दोन ओळखूं शकला. आमच्या मातोश्रींचें वय ८८ आहे आणि एका डोळ्यानें त्यांस दिसत नाहीं, त्यांनीं तिन्ही नोटा अचूक सांगितल्या आणि वर विचारिलें, "ह्यांतली एखादी मला देणार आहां, कीं नुसती परीक्षाच आहे?"